यादी कोणी करायची? : भ्रूणाची जनुकीय चाचणी आणि उद्याचा समाज

माझ्या पाकिटात एक लहानसं कार्ड आहे. त्यावर माझं नाव, गाव आणि रक्तचाचणीचा निकाल लिहिलेला आहे : ‘एएस’. विदर्भातल्या वाचकांना याचा अर्थ सांगायला नको. इतरांसाठी सांगतो. सिकलसेल या आनुवंशिक आजाराचं एक जनुक माझ्या अंगात आहे. जोडीतलं दुसरं निरोगी असल्यामुळे मी रुग्ण नाही, वाहक आहे. पंचावन्न वर्षांत त्या जनुकाचा मला काडीचाही त्रास झालेला नाही. माझ्या थोरल्या भावाला मात्र आईकडून आणि बाबांकडून, दोन्हीकडून तेच जनुक मिळालं. तो ‘एसएस’ होता. थंडी पडली, ताप आला, शाळेच्या मैदानावर जरा जास्त धावला, की त्याची हाडं ठणकायला लागत. सांधेवात समजून त्याला वर्षानुवर्षं तेलं आणि लेप लावले गेले. १९८६ साली, अठराव्या वर्षी तो गेला. आजाराचं नाव आम्हाला कळलं ते त्यानंतर कितीतरी वर्षांनी, गावात रक्ततपासणीचं शिबिर आलं तेव्हा.

त्या शिबिरापासून रक्त, वारसा आणि जनुकं या विषयांवरचं मिळेल ते मी वाचत आलो. मी डॉक्टर नाही आणि प्रयोगशाळेत कधी काम केलेलं नाही. जे कळलं ते ग्रंथालयांतून, शोधनिबंधांतून आणि जाणकारांना गाठून विचारलेल्या प्रश्नांतून.

हा लेख लिहायला कारण झाली माझी भाची. ती आणि तिचा नवरा, दोघंही ‘एएस’. अशा जोडप्याच्या प्रत्येक मुलाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. माझ्या बहिणीनं मामाचं मरण पोरीला इतक्यांदा सांगितलं होतं, की तिनं धोका पत्करायचा नाही असं ठरवलं आणि नागपुरात टेस्ट ट्यूब पद्धतीनं भ्रूण तयार करून तपासून घेतले. पाच भ्रूण हाती लागले. एक ‘एए’, तीन ‘एएस’, एक ‘एसएस’. डॉक्टरांनी सांगितलं, पहिल्या चारांपैकी कोणताही भ्रूण ठेवला तरी त्या मुलाला हा आजार होणार नाही. रात्री तिचा फोन आला, “मामा, कोणता ठेवू?”

‘एए’ ठेव, असं सांगणं सोपं होतं. पण माझ्या तोंडून शब्द फुटेना. त्या पाचांत मी कुठे होतो ते मला दिसत होतं. उरलेल्या तिघांत.

पाच दिवसांच्या जिवाची तपासणी

ही तपासणी नेमकी काय असते ते आधी पाहू, कारण तिच्याविषयी गैरसमज फार आहेत. स्त्रीला संप्रेरकांची इंजेक्शनं देऊन एका वेळी अनेक अंडी पक्व केली जातात. ती बाहेर काढून प्रयोगशाळेत शुक्राणूंशी त्यांचा संयोग घडवतात. पाचव्या-सहाव्या दिवशी भ्रूण साधारण शंभर-दोनशे पेशींचा होतो. त्याचा आतला पुंजका पुढे बाळ होतो, बाहेरचा थर वार होतो. या बाहेरच्या थरातून पाच-दहा पेशी काढून घेतात आणि भ्रूण गोठवून ठेवतात. काढलेल्या पेशींमधल्या डीएनएच्या असंख्य प्रती करून हवं ते जनुक तपासतात. सिकलसेलसारख्या आजारात आईवडिलांचं रक्त आधी तपासलेलं असतं, त्यामुळे नेमकं कुठे पाहायचं हे ठाऊक असतं.

इथे जनुकात काहीही बदलत नाहीत. जे तयार झालं आहे त्यातून निवडतात, एवढंच. आईबापांकडे जे नाही ते भ्रूणात येणार नाही. निवडायला भ्रूणही थोडेच असतात. बाहेरच्या थरातल्या पेशी आतल्या पेशींशी दर वेळी तंतोतंत जुळतील अशी खात्री नसते, म्हणून गर्भ राहिल्यावर पुन्हा तपासणी करून घ्यायला सांगतात.

या तंत्राचा माणसातला पहिला यशस्वी वापर कशासाठी झाला, हे मराठी वाचकानं मुद्दाम लक्षात ठेवावं असं आहे. १९९० साली लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात अ‍ॅलन हॅंडीसाइड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भ्रूणातली पेशी काढून त्यातला वाय गुणसूत्राचा अंश शोधला. म्हणजे भ्रूण मुलाचा की मुलीचा, हे पाहिलं. हेतू चांगला होता. काही गंभीर आजार आईकडून येतात आणि बहुतेक मुलग्यांनाच होतात. त्या आईबापांसाठी त्यांनी मुलींचे भ्रूण निवडले. तिथे मुलगी निवडली गेली. पण भ्रूणाचं लिंग पाहण्याची सोय या तंत्रात पहिल्या दिवसापासून होती.

हे आपण एकदा पाहिलं आहे

भ्रूणाची चाचणी ही उद्याची गोष्ट आहे असं आपण समजतो. महाराष्ट्रानं तिची रंगीत तालीम चाळीस वर्षांपूर्वीच केली आहे. सत्तरच्या दशकाच्या मध्यात गर्भजल तपासणी भारतात आली ती गर्भातले जनुकीय दोष शोधण्यासाठी. थोड्याच वर्षांत मुंबईपासून तालुक्याच्या गावापर्यंत ती मुलगा की मुलगी हे सांगणारी तपासणी झाली. आज थोडा खर्च करा आणि उद्याचा हुंड्याचा मोठा खर्च वाचवा, अशा आशयाच्या जाहिराती उघडपणे होत. स्त्री संघटना, काही डॉक्टर आणि विज्ञान चळवळीतले कार्यकर्ते एकत्र आले, झगडले आणि १९८८ साली महाराष्ट्रानं गर्भलिंग चाचणीविरोधी कायदा केला. तो देशातला पहिला. त्याच्या दोनच वर्षं आधी, ऑगस्ट १९८६मध्ये, मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांतून टेस्ट ट्यूब बाळ जन्मलं होतं. भ्रूण शरीराबाहेर आणणारं तंत्र आणि गर्भाच्या निवडीला मनाई करणारा कायदा, दोन्ही एकाच शहरात, दोन वर्षांच्या अंतरानं.

केंद्राचा कायदा १९९४ साली आला. त्यात भ्रूणाची आणि शुक्राणूंची निवड स्पष्टपणे धरलेली नव्हती. मुंबईची ‘सेहत’, पुण्याची ‘मासूम’ आणि डॉ. साबू जॉर्ज यांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली आणि २००३ साली कायदा दुरुस्त होऊन गर्भधारणेपूर्वीची लिंगनिवडही गुन्हा ठरली. तरीही २००७ साली मुंबई उच्च न्यायालयापुढे दोन मुलींचे आईवडील या बंदीला आव्हान देत उभे होते. कुटुंबाचा समतोल साधण्यासाठी आम्हाला मुलगा निवडू द्या, असं त्यांचं म्हणणं होतं. न्यायालयानं ते फेटाळलं.

कायदे होत राहिले, आकडे घसरत राहिले. महाराष्ट्रात सहा वर्षांखालच्या दर हजार मुलग्यांमागे १९९१ साली ९४६ मुली होत्या, २००१ साली ९१३ आणि २०११ साली ८९४. बीड जिल्ह्यात तर २०११ साली ८०७.

यातून मी एक धडा घेतला. काय शोधायचं हे यंत्र ठरवत नाही. शोधायच्या गोष्टींची एक यादी असते. गर्भजल तपासणी आली तेव्हा डॉक्टरांच्या हातातल्या यादीवर दोन-चार आजार होते. समाजानं आपल्या मनातली यादी पुढे केली. तीत एकच नाव होतं आणि ते आजाराचं नव्हतं.

जुन्या याद्या

माणसांची अशी यादी करण्याचा इतिहास आपल्याला वाटतो तितका परका नाही. ना. सी. फडके आपल्याला कादंबरीकार म्हणून ठाऊक आहेत. १९२७ साली त्यांचं ‘सेक्स प्रॉब्लेम इन इंडिया’ हे इंग्रजी पुस्तक मुंबईत निघालं. भारतात सुप्रजाजननाची चळवळ व्हावी, असा त्याचा उघड आग्रह होता आणि त्याला संततिनियमनाच्या अमेरिकी पुढारी मार्गारेट सँगर यांची प्रस्तावना होती. त्या काळात जगभरच संततिनियमनाच्या पुरोगामी विचाराला चांगली संतती आणि वाईट संतती ही भाषा चिकटलेली होती. ती बोलणारे सगळे दुष्ट होते, असं म्हणता येत नाही. बायकांची बाळंतपणाच्या चक्रातून सुटका व्हावी अशी खरी तळमळ त्यात होती. म्हणूनच तो इतिहास अवघड आहे.

त्याच वर्षी इरावती कर्वे बर्लिनला गेल्या. ज्या संस्थेत त्यांनी डॉक्टरेट केली तिच्या नावातच मानववंशशास्त्र, मानवी आनुवंशिकता आणि सुप्रजाजनन हे तीनही शब्द होते. मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर. कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंतल्या फरकाचा वंशाशी संबंध आहे आणि त्यातून युरोपीय वंशाची श्रेष्ठता दिसते, असा समज त्या कामामागे होता. इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या आणि असा कोणताही संबंध दिसत नाही, असं लिहून दिलं. परक्या देशातली एक विद्यार्थिनी आपल्याच मार्गदर्शकाच्या समजाविरुद्ध मोजमापं मांडते, हे मला आजही थोर वाटतं.

तीनच वर्षांनी, १९३३च्या जुलैमध्ये, नाझी सरकारनं आनुवंशिक आजारांची यादी असलेला कायदा केला. जन्मजात अंधत्व, बहिरेपणा, अपस्मार, काही मानसिक आजार त्यात होते, आणि ‘जन्मजात मंदबुद्धी’ हा एक सैल शब्द होता. त्या सैल शब्दात कुणालाही बसवता आलं. या कायद्याखाली सुमारे चार लाख माणसांची सक्तीनं नसबंदी झाली. यादीतला सर्वांत धोकादायक शब्द बहुधा सर्वांत सैल शब्दच असतो.

माझ्यासारख्या वाहकांचाही असा एक इतिहास आहे. १९७०च्या सुमारास अमेरिकेत सिकलसेल तपासणीची लाट आली. काही राज्यांनी कृष्णवर्णीयांसाठी ती सक्तीची केली. वाहक म्हणजे रुग्ण, असा गोंधळ सर्रास झाला. लोकांना नोकऱ्या आणि विमा नाकारले गेले. अमेरिकेच्या हवाई दल अकादमीचं दार १९८१ पर्यंत ‘एएस’ माणसांना बंद होतं.

आणि हे जनुक आलं कुठून? हिमोग्लोबिनच्या एका साखळीतला सहावा दुवा बदलतो, एवढाच काय तो फरक. पण ज्यांच्याकडे असं एकच जनुक असतं त्यांना मलेरियाच्या गंभीर आजारापासून बरंच संरक्षण मिळतं. रक्ताच्या अशा आनुवंशिक दोषांमागे मलेरिया असावा, ही कल्पना १९४९ साली जे. बी. एस. हाल्डेन यांनी थॅलेसेमियाच्या संदर्भात मांडली. हे तेच हाल्डेन, जे पुढे भारताचे नागरिक झाले आणि भुवनेश्वरला वारले. सिकलसेलच्या बाबतीत अँथनी अ‍ॅलिसन यांनी १९५४ साली ती दाखवून दिली. मलेरियाच्या मुलखात माझे पूर्वज तगले ते कदाचित याच जनुकामुळे. विदर्भातल्या आदिवासी आणि दलित-बहुजन समाजांत ते अधिक आढळतं. जंगलपट्ट्यातला मलेरिया आणि पिढ्यान्‌पिढ्या जातीतल्या जातीत होणारी लग्नं, ही त्याची कारणं. ज्याला आज आपण दोष म्हणतो, तो एके काळचा बचाव होता.

नव्या यादीतल्या गोष्टी

आजवर यादी एकेका जनुकाच्या आजारांची होती. आता ती लांबते आहे. उंची, मधुमेहाची शक्यता, हृदयविकाराची शक्यता, बुद्धिमापनाचा गुणांक या गोष्टी हजारो जनुकीय फरकांच्या बेरजेवर आणि त्याचबरोबर घर, अन्न, शाळा यांवर अवलंबून असतात. ती बेरीज करून प्रत्येक भ्रूणाला गुण द्यायचे, हा धंदा अमेरिकेत काही कंपन्यांनी सुरू केला आहे. अशा गुणांवरून निवडलेलं पहिलं मूल २०२० साली जन्मलं.

या गुणांत किती तथ्य आहे? जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातले शाय कार्मी आणि सहकारी यांनी २०१९ साली याचा हिशेब मांडला. दहा भ्रूणांतून सर्वाधिक गुणांचा भ्रूण निवडला, तर सरासरीपेक्षा उंचीत सुमारे अडीच सेंटिमीटर आणि बुद्धिगुणांकात सुमारे अडीच गुणांचा फायदा अपेक्षित होता. मग त्यांनी २८ मोठ्या कुटुंबांतली, सरासरी दहा-दहा मोठी झालेली भावंडं पाहिली. ज्या भावंडाला उंचीचे सर्वाधिक जनुकीय गुण होते, तेच खरोखर सर्वांत उंच निघालं, असं चारातल्या एकाच कुटुंबात घडलं. शिवाय हे गुण ज्या माहितीवर काढतात तिचा फार मोठा भाग युरोपीय वंशाच्या लोकांचा आहे. आपल्यासारख्यांना तो पट्टा लावला की अंदाज आणखी ढिला पडतो.

मग भिण्याचं कारण काय? मला वाटतं, चाचणी कच्ची असली तरी समाज तिच्यावरून पक्के निर्णय घेतो. पत्रिका जुळवून लग्न मोडणाऱ्या समाजाला हे समजावायला नको. रविवारच्या वर्तमानपत्रातल्या विवाहविषयक जाहिराती उघडा. गोरी, उंच, चष्मा नको, घराण्यात आजार नको. आपल्या यादीचा कच्चा मसुदा दर आठवड्याला छापून येतोच आहे.

आपल्याकडे कायदा याला परवानगी देत नाही, हे खरं. २००३च्या दुरुस्तीनंतरचा कायदा गुणसूत्रांचे दोष, चयापचयाचे जनुकीय आजार, हिमोग्लोबिनचे आजार, लिंगाशी निगडित आजार आणि जन्मजात व्यंगं अशी यादी देतो, आणि तीत भर घालायचा अधिकार केंद्रीय मंडळाला देतो. सहायक प्रजनन तंत्रज्ञानाचा २०२१चा कायदा भ्रूणाची चाचणी फक्त ज्ञात, आनुवंशिक वा जनुकीय आजारांपुरती ठेवतो. पण ‘आजार’ हा शब्द किती ताणता येतो? मधुमेह आजारच आहे. पंधरा टक्क्यांऐवजी अठरा टक्के शक्यता, हाही आजार का? सैल शब्दाचा इतिहास आपण वर पाहिला. शिवाय अमेरिकेत भ्रूणाची लिंगनिवडही कायदेशीर आहे आणि ज्यांच्याकडे पैसा आहे त्यांना विमानाचं तिकीट मिळतं.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती उरलेल्यांची. माझ्या भाचीनं या चाचणीसाठी दोघांची कित्येक वर्षांची बचत मोडली. गडचिरोलीच्या धानशेतात राबणाऱ्या ‘एएस’ जोडप्याला ते शक्य नाही. उद्या शिकल्यासवरल्या घरांतून एखादा आजार नाहीसा झाला आणि फक्त गरिबांच्या घरात उरला, तर त्याच्या औषधासाठी बोलणारं कोण राहील? २०२३च्या अखेरीस सिकलसेलवर जनुक संपादित करणारं पहिलं औषध ब्रिटन आणि अमेरिकेत मान्य झालं. त्याची अमेरिकेतली किंमत सुमारे २२ लाख डॉलर. म्हणजे माझ्या भावाच्या आजारावर आज इलाज आहे, पण तो त्याच्यासारख्याच्या हाती येईल तेव्हा खरा. भारत सरकारनं १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू केली. २०४७ पर्यंतचं उद्दिष्ट आहे आणि सात कोटी लोकांची तपासणी करायचं ठरलं होतं. तपासणी हवीच. ‘निर्मूलन’ शब्द वाचताना मात्र मी दर वेळी अडखळतो. आजाराचं निर्मूलन आणि आजारी माणसाचं निर्मूलन यांतलं अंतर कागदावर पुसट असतं.

यादी राखता येते

याद्या नेहमी वाहवत जातात असंही नाही. सायप्रस या छोट्या देशात सातातला एक माणूस थॅलेसेमियाचा वाहक आहे. सत्तरच्या दशकात रुग्ण इतके वाढले, की त्यांना पुरेसं रक्त आणि औषध देणं देशाला झेपेना. तिथे लग्नाआधीच्या तपासणीची प्रथा पडली आणि चर्चनंही तपासणीचा दाखला मागायला सुरुवात केली. पण दाखल्यावरून लग्न नाकारायचं नाही, हे ठरलं. दोन वाहकांनी लग्न केलं तर पुढचे पर्याय त्यांना सांगायचे, निर्णय त्यांचा. थॅलेसेमिया घेऊन जन्मणारी मुलं जवळजवळ थांबली आणि जी आधी जन्मली होती त्यांच्या उपचारांत खंड पडला नाही. यादी एका ओळीची होती, लोकांना ठाऊक होती, रुग्णांची कुटुंबं तिच्या मागे उभी होती. यादीसोबत उपचारही आले.

आपल्याकडे काय व्हावं, याबद्दल माझं मत साधं आहे. कोणते आजार तपासायचे, ते का, हे मंडळाच्या फायलीत न राहता मराठीत, सगळ्यांना वाचता येईल असं जाहीर व्हावं. ते ठरवताना डॉक्टर आणि अधिकारी यांच्या शेजारी रुग्ण बसावेत, अपंग बसावेत, त्यांच्या आया बसाव्यात. शक्यतांचे गुण विकायला कायद्यानं स्पष्ट नावानिशी मनाई करावी. वाहक भ्रूणाला अहवालात ‘सदोष’ म्हणू नये. आणि यादीत आजार घालताना त्याच आजाराच्या रुग्णांना तालुक्याच्या दवाखान्यात औषध मिळतं का, हे आधी तपासावं.

भाचीला मी त्या रात्री इतकंच म्हणालो, “तुझं पोर, तुझा निर्णय. पण ‘एएस’ म्हणजे कमी, असं मनात धरून ठरवू नकोस.” तिनं ‘एए’ निवडला. मी तिला दोष देत नाही. तिच्या जागी माझी आई असती आणि तिला ही सोय मिळाली असती, तर तिनंही तेच केलं असतं. माझा भाऊ जन्मला नसता आणि कदाचित मीही. हे दोन्ही मी अनेक रात्री मनात घोळवलं आहे. त्याच्या वेदना आठवल्या की आईचं पटतं. त्यानं मला विहिरीत पोहायला शिकवलं ते आठवलं की पटत नाही.

तो भ्रूण रुजला नाही. असं पुष्कळदा होतं. उरलेल्या तीन ‘एएस’पैकी एक दिवाळीनंतर ठेवायचा, असं दोघांनी ठरवलं आहे. परवा ती घरी आली होती. माझं कार्ड तिनं मागून घेतलं, उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, “मामा, तुला कधी खरंच काही त्रास नाही ना झाला?” मी नाही म्हणालो. तिनं कार्ड परत पाकिटात ठेवलं आणि आम्ही जेवायला बसलो.